माजी शिकारी

आमच्या भंडारा जिल्ह्यात माजी लोकांचा तोटा नाही. माजी आमदार आहेत, माजी सभापती आहेत, माजी सरपंच तर गल्लीला एक. पण या सगळ्यांहून संख्येनं जास्त आणि आवाजानं मोठा असा एक वर्ग आहे, त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. तो म्हणजे माजी शिकारी. माजी आमदार व्हायला आधी एकदा तरी निवडून यावं लागतं. माजी शिकारी व्हायला आधी शिकारी असावं लागतं, असं काही नाही.

हा माणूस ओळखायला सोपा. वय सत्तरीच्या आसपास. गाव जंगलाला लागून. ओसरीवर बाज आणि बाजेवर तो. डोक्यावर एके काळी खाकी असलेली टोपी. "काय गुरुजी, बरं आहे ना?" असं विचारलं तर तो नुसतं "बरं आहे" म्हणत नाही. "बरं आहे बाप्पा. काल रात्री मात्र आवाज आला होता," म्हणतो आणि थांबतो. कसला आवाज, हे तुम्ही विचारावं म्हणून तो थांबलेला असतो. विचारू नका. विचारलंत तर दुपारची एसटी गेली म्हणून समजा.

माझ्यापुढे एसटीचा प्रश्नच नाही. हा माणूस माझा बाप आहे.

बाबूजींचा जन्म १९५६ च्या उन्हाळ्यातला. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे शाळेत जायच्या आत बाबूजींनी जागचं न हलता तीन राज्यं पाहिली. पुढे छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मास्तरकी करून २०१४ मध्ये ते निवृत्त झाले. साकोली आणि लाखनीच्या पट्ट्यात पन्नाशीच्या आतला कुठलाही माणूस दगड मारून पाहा, तो बाबूजींचा विद्यार्थी निघेल आणि दगड चुकवायलाही त्यांनीच शिकवलं असं सांगेल.

निवृत्तीचा समारंभ संपला त्या संध्याकाळी बाबूजींनी शाल-श्रीफळ आईच्या हाती दिलं, खुंटीवरची खाकी टोपी झटकली आणि दुसऱ्या दिवसापासून ते माजी शिक्षक न होता माजी शिकारी झाले. "पंचवीस वर्षं शिकार केली," असं सांगू लागले. गावानं ऐकून घेतलं. आमच्या गावात ऐकून घेण्याला पैसे पडत नाहीत.

घोटाळा केला तो माझ्या मुलीनं. ती सातवीत आहे आणि गणितात हुशार आहे, हे दुर्दैव. गेल्या दिवाळीत आबांची, म्हणजे बाबूजींची, गोष्ट ऐकता ऐकता तिनं विचारलं, "आबा, शिकार बंद कधी झाली?"

"१९७२. वन्यजीव संरक्षण कायदा," आबा म्हणाले. सन सांगताना मास्तर कधी चुकत नाही. "वाघाची तर त्याच्याही आधी, १९७० मध्येच."

मुलीनं बोटांवर मोजलं. "१९७२ वजा पंचवीस म्हणजे १९४७. आणि तुमचा जन्म १९५६ चा. म्हणजे जन्माच्या नऊ वर्षं आधीपासून तुम्ही शिकारीला जात होता?"

ओसरीवर शांतता पसरली. देश स्वतंत्र झाला त्याच साली बाबूजींनी शिकार सुरू केली हा इतिहास आम्हांला नवीन होता. बाबूजींनी टोपी काढली, आत पाहिली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "शहरातल्या शाळेत हेच शिकवतात का?"

आता बंदुकीबद्दल. बंदूक आहे, खरी आहे आणि परवान्याची आहे. धानात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी आजोबांनी पीक संरक्षणाच्या नावावर घेतलेली ती ठासणीची बंदूक, आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. तिच्या नळीत आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, शेवटी टोपी चढवायची आणि मग नेम धरायचा. एवढं होईपर्यंत डुक्कर अर्धा एकर खाऊन, ढेकर देऊन घरी गेलेलं असतं. आजोबांनंतर ती वारसानं बाबूजींकडे आली. तिनं जंगल किती पाहिलं ठाऊक नाही, पोलीस ठाणं मात्र भरपूर पाहिलं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची. २०१४ मध्ये लोकसभेला गेली, विधानसभेला गेली. २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाची पोटनिवडणूक लागली, तेव्हाही गेली. २०१९ मध्ये दोनदा, २०२४ मध्ये दोनदा. आई म्हणते, "माझं माहेर एवढं जवळ असून माझं एवढं जाणं झालं नाही." लोकशाहीवर बाबूजींचा राग नाही, फक्त आचारसंहिता लागली की त्यांना भिंत ओकीबोकी वाटते.

त्याच भिंतीवर, बंदुकीच्या वर, सांबराची शिंगं आहेत. हातभर लांब, काळपट. बाजूला काचेच्या चौकटीत कागद. २००३ मध्ये सरकारनं घराघरांतल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. बाबूजींनी पहिल्याच आठवड्यात अर्ज नेऊन दिला, हुशार पोर निबंधाची वही देतं तसा टापटीप. तेव्हापासून शिंगांवर धूळ बसते पण कागदाची काच रोज पुसली जाते. शिंगं कुणी मारलेल्या सांबराची, हे मात्र ऋतूप्रमाणे बदलतं. पाहुणा नवीन असला तर बाबूजींनी मारलेल्या. पाहुणा जुना असला तर आजोबांनी, आणि बाबूजी सोबत होते. पाहुणा वनखात्यातला असला तर बाबूजी चहा ठेवायला आत जातात.

बंदुकीइतकाच आवश्यक म्हणजे कुत्रा. आमचा कुत्रा गेल्या वर्षी एका लग्नाच्या मांडवामागे पत्रावळ्या चाटताना बाबूजींना सापडला. बाबूजींनी जिम कॉर्बेट वाचलेला आहे. कॉर्बेटनं आपला रॉबिन पंधरा रुपयांना विकत घेतला होता, हे ते सगळ्यांना सांगतात, आणि "आमचा फुकट पडला" हे त्याला जोडतात, म्हणजे स्पर्धेत आपण एक पाऊल पुढे. आजोबांच्या कुत्र्याचं नाव वाघ्या होतं. काळ बदलला, इंग्रजी शाळा आल्या, वाघ्याचा टायगर झाला. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. भात आवडतो, भाकर चालते, फटाका चालत नाही. वरातीत कुणी सुतळी बॉम्ब लावला की टायगर बाजेखाली जातो तो दुसऱ्या दिवशी जेवायलाच बाहेर येतो. शिकारी कुत्र्याला बाराचा आवाज सहन होत नाही, हे मी एकदा दाखवून दिलं. बाबूजी म्हणाले, "म्हणून तर मी बार काढत नाही."

मी नागपूरला नोकरी करतो. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी राष्ट्रीय महामार्ग ५३ नं, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांच्या भाषेत अजूनही 'सहा नंबर'नं, घरी येतो. जेवण होतं. हात धुता धुता बाबूजी आकाशाकडे बघतात आणि म्हणतात, "चाल, उद्या शिकारीले जाऊ."

हे वाक्य ऐकून वाचकांनी वनखात्याला फोन लावू नये. बंदूक भिंतीवरच राहते. बाबूजींची शिकार काठीनं होते आणि काठीही चालायला लागते म्हणून. पण तयारी बघावी तर राजेरजवाड्यांची. पाच सेलची बॅटरी. थर्मासात चहा. डब्यात तांदळाच्या भाकरी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. गुडघ्याला पट्टा. मला पांढरा सदरा घालायची मनाई, जनावर बिचकतं. बोट ओलं करून वाऱ्याची दिशा पाहायची, आपला वास जनावराला जाऊ नये. हे करणाऱ्या माणसानं पाठीला, मानेला आणि दोन्ही गुडघ्यांना बाम चोपडलेला असतो. त्या वासानं जनावर सोडाच, डासही जिल्हा बदलतो.

गेल्या डिसेंबरातल्या रविवारी पहाटे साडेचारला आम्ही निघालो. थंडी कडक होती. टायगरला उठवायला बाबूजींना तीन वेळा शिट्टी वाजवावी लागली. शेवटी मीच त्याला उचलून अंगणात आणला. दोराचं टोक बाबूजींनी माझ्या हातात दिलं. "दोर पक्का धर," म्हणाले. दर वेळी म्हणतात.

मग फाटकापाशी उभं राहून त्यांनी नेहमीची घोषणा केली, "आज सांबर!"

आतून आईचा आवाज आला, "दहा रुपयांचा आणा. मागच्या वेळी पार सडका आणला होता."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पुण्या-मुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात, तिला आमच्याकडे सांबार म्हणतात. एका कान्याचा फरक. चाळीस वर्षांच्या संसारात त्या कान्यावर कधी एकमत झालेलं नाही.

गाव सुटलं की बाबूजींची भाषा बदलते. शाळेत छत्तीस वर्षं प्रमाण मराठी बोललेला माणूस पांदणीला लागला की झाडी बोली बोलू लागतो. पाण्याचं पानी होतं, डोळ्यांचे डोरे होतात. "डोरे आहेत का बटना?" ते मला म्हणाले, कारण मी कुजबुज न करता सरळ बोललो होतो आणि समोरचा खूर मला दिसला नव्हता. मी खाली बघितलं. खूर गाईबैलाचा होता. बाबूजी उकिडवे बसले, बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "नर. वय झालेला. डाव्या पायानं लंगडते." तेवढ्यात मागून सायकलवर दूधवाला आला आणि त्यानं आमच्याच गावातल्या एका लंगड्या बैलाचं नाव घेऊन विचारलं, इकडं आला का म्हणून. मला मान्य करावं लागेल, निदान पूर्ण चुकलं नव्हतं.

वनरक्षक नाक्यापाशी भेटला. बाबूजींचा विद्यार्थी. त्याला बाबूजी जुन्या सवयीनं 'नाकेदार' म्हणतात.

"कुठे निघालात गुरुजी?"

"शिकारीले."

कायद्याच्या रक्षकासमोर उभं राहून दर महिन्याला गुन्हा कबूल करणारा आणि दर महिन्याला सुटणारा मनुष्य जिल्ह्यात हा एकच असावा. वनरक्षक हसला. "जा. पण कुत्रा बांधलेला ठेवा गुरुजी. अभयारण्याच्या हद्दीत अजिबात नाही. गावच्या कुत्र्यांचे रोग जनावरांना लागतात." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गुरुजींच्या घरची शिंगं मी पाहिली. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं, माहीत आहे ना? उन्हाळ्यात. मारलेल्याचं शिंग असलं तर बुडाला कवटीचं हाड असतं. ती शिंगं बुडाला गुळगुळीत आहेत." आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मी दोर हातात घेऊन उभाच राहिलो. म्हणजे भिंतीवरचा पराक्रम वेचून आणलेला होता.

फाट्यावर टपरी उघडली होती. तिथे शेकोटीजवळ घोंगडीत गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. आमच्या आजोबांच्या काळात हाक्याला जाणारे, डबे वाजवत रान हुसकणारे. आता नव्वदीला टेकले असतील. बाबूजी चहा आणायला गेल्याचं पाहून मी संधी साधली. "आजोबा, आमचे बाबूजी कसे शिकारी होते?"

म्हाताऱ्यानं विस्तव उकरला. "कोन, तुया बा?" मग तोंडातल्या एकुलत्या दाताचं दर्शन देत म्हणाला, "तो तं कुत्रा धरे."

एवढंच. पुढे काही विचारायच्या आत बाबूजी कपबश्या घेऊन आले. म्हातारा चहा पिऊ लागला आणि बाबूजी त्याला 'जय'ची गोष्ट सांगू लागले. जय म्हणजे तो प्रसिद्ध वाघ. २०१३ मध्ये तो नागझिऱ्यातून निघाला, महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला, आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला. रस्त्यात तो कुणाला दिसला नसेल असं गाव मधल्या पट्ट्यात उरलेलं नाही. त्याला पाहिलेल्या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तर तो जंगलात पोचलाच नसता, वाटेतच स्वागत-समारंभात अडकला असता. बाबूजींनी तर त्याला दोनदा पाहिलंय, एकदा जाताना आणि एकदा, म्हणे, मागं वळून बघताना.

माजी शिकाऱ्यांचा असाच दुसरा मोठा आधार म्हणजे मारुती चितमपल्ली. ते नवेगावबांधला वनाधिकारी होते, पुढे त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. ते आपल्याच ओसरीवर चहा पिऊन गेले असं सांगणारी मला एकट्या साकोली तालुक्यात अकरा घरं माहीत आहेत. त्या सगळ्या घरचा चहा त्यांनी खरंच घेतला असता तर लिहायला वेळ कधी मिळाला असता? १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेलं. तलाव गेला, जंगल गेलं, राष्ट्रीय उद्यान गेलं. चहाच्या आठवणी मात्र भंडाऱ्यानं सोडल्या नाहीत.

टपरीपासून पुढे रस्ता नागझिरा अभयारण्याच्या पिटेझरी गेटाकडे जातो. उजाडू लागलं होतं आणि पर्यटकांच्या उघड्या जिप्सी गेटाकडे निघाल्या होत्या. त्यांच्या आवाजानं टायगर दचकला. माझे हात थंडीनं बधिरलेले. दोर निसटला आणि टायगर रस्त्याकडेच्या झुडपात शिरला.

"टायगर!" बाबूजी ओरडले. मास्तरचा आवाज, दोन वर्गांत एकदम ऐकू जाणारा. "अरे टायगर गेला तिकडे! टायगर!"

तीन जिप्सी करकचून थांबल्या. दुधाच्या कॅनएवढाल्या भिंगांचे कॅमेरे एकाच वेळी झुडपाकडे वळले. पहिल्या जिप्सीतल्या एका बाई कुजबुजल्या, "काका, कुठे? खरंच पाहिलात?"

"आत्ताच इथे होता माझ्याजवळ," बाबूजी म्हणाले. पर्यटक पाहिले की झाडी बोली जाऊन प्रमाण मराठी परत येते.

"बापरे! तुमच्याजवळ? केवढा आहे?"

"दीड वर्षाचा असेल. पण खातो फार."

"नर की मादी?"

"नर. तसा भित्रा आहे."

"माणसावर येतो का?"

"ओळखीच्या माणसाच्या अंगावर येतो. अनोळखी दिसला तर पळतो."

मागच्या जिप्सीतल्या एका गृहस्थांनी हे वहीत उतरवून घेतलं. कुणी श्वास घेत नव्हतं. गाईड तेवढा आभाळाकडे बघत होता. तोही विद्यार्थी. झुडूप हललं. कॅमेरे कडकडू लागले. आणि पानांतून, एक कान उभा आणि एक पडलेला अशा अवस्थेत, तोंडात कुणाची तरी रबरी चप्पल धरून आमचा टायगर प्रकट झाला.

जिप्सी ज्या वेगानं थांबल्या होत्या त्याहून जास्त वेगानं गेल्या. बाबूजी दुखावले नाहीत. "टायगर म्हणालो," ते म्हणाले, "वाघ कुठे म्हणालो?"

शेवटी आम्ही तलावावर पोचलो. हा तलाव म्हणजे कुण्या काळी कोहळी लोकांनी बांधलेला मालगुजारी तलाव. आमच्याकडे असे शेकडो आहेत. यंत्र नाही, अभियंता नाही, उतार डोळ्यांनी ओळखून माती टाकली आणि शेकडो वर्षं धान पिकवलं. मालगुजार गेले, तलाव राहिले. पाळीवर, म्हणजे बाबूजींच्या 'पारी'वर, मोहाच्या झाडाखाली आम्ही बसलो. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळी हिरवी झाली होती. पाण्यावरून वाफ उठत होती.

"गप बस. हलू नको. आता येते," बाबूजी म्हणाले आणि डबा उघडला.

डब्याच्या आवाजानं जनावर बिचकत नाही, फक्त माझ्या बोलण्यानं बिचकतं.

समोर पाखरं भरपूर होती. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते. मधोमध काळ्या अंगाची, कपाळावर पांढरा टिळा लावलेली वारकऱ्यांची दिंडी होती. त्यांच्या पलीकडे हळदी-कुंकू बदकांची जोडी. समोर वारकरी, शेजारी हळदी-कुंकू. मी म्हटलं, "बाबूजी, बंदूक आणली असती तरी बार टाकायचा कुणावर?"

ते हसले. वडा खाऊन झाला, चहा झाला. टायगर माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. दोर माझ्या मनगटाला गुंडाळलेला. मला राहवलं नाही.

"बाबूजी, तुम्ही आजोबांसोबत येत होता तेव्हा काय करत होता?"

"शिकार."

"म्हणजे नेमकं काय?"

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी काढली म्हणजे गोष्ट नाही, हे मला ठाऊक आहे.

"वाघ्याचा दोर धरत होतो," ते म्हणाले. "दर रविवारी. बा पुढे, मी मागे. याच पारीवर. बांगलादेशची लढाई चालू होती ते दिवस. गावात एक रेडिओ, सगळे तिथे. बा म्हणाला, लढाई ते पाहून घेतील, आपण जाऊ. उजाडता उजाडता समोर, तो पळस आहे ना, तठून सांबर पाण्यात उतरला."

"खरंच सांबर?"

"खरंच. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. शिंगं एवढी की मान तिरपी करून पाणी पीत होता. दाढीवरून थेंब गळत होते, मले मोजता आले असते. बानं बंदूक भरूनच आणली होती. टोपी चढवली. नेम धरला." बाबूजींनी काठी उचलली नाही, हातवारे केले नाहीत. "आणि माझ्या हातातून दोर निसटला. वाघ्या भुंकत पाण्यात. सांबर एकदा पोंकला आणि गेला."

"आजोबा चिडले?"

"नाही. बंदुकीची टोपी काढून खिशात ठेवली. म्हणाला, चाल, भूक लागली. पुढच्या साली कायदा आला. बा पुन्हा कधी गेलाच नाही, डुकरांवरही हवेतच बार काढे." ते थोडं थांबले. "त्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेला होता. येताना शिंगं घेऊन आला, जंगलात पडलेली. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, हा घे तुझा सांबर."

वारकऱ्यांची दिंडी पलीकडच्या काठाला लागली होती.

"बाबूजी," मी विचारलं, "दोर निसटला होता की सोडला होता?"

ज्या माणसाला चोपन्न वर्षांपूर्वीच्या सांबराच्या दाढीवरचे थेंब आठवतात, त्यानं टोपी डोक्यावर घातली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तेवढं काही आठवत नाही."

दहा वाजता ऊन चढलं, तेव्हा आम्ही उठलो. पाण्यावर आलेलं एकमेव मोठं जनावर म्हणजे म्हैस, आणि तिलाही बाबूजींचा बाम सहन झाला नाही.

त्या रात्री जेवणानंतर ओसरीवर माझी मुलगी आबांच्या पुढ्यात बसली. गणिताचं प्रकरण तिनं माफ केलं होतं. बाबूजी बाजेवर, टायगर बाजेखाली, कारण गावात कुठे तरी वरात होती.

"तर आज," बाबूजी म्हणाले आणि थांबले. मुलीनं श्वास रोखला. "आज पाण्यावर सांबर आला. हा एवढा. शिंगं अशी की मान तिरपी करून पाणी पीत होता. मी म्हटलं, हलू नका. मी नेम धरला..."

"कशानं आबा? बंदूक तर भिंतीवर आहे."

"डोऱ्यांनं. नेम डोऱ्यांनंच धरत असतात. आणि तेवढ्यात," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "तुझ्या बाबाच्या हातातून दोर निसटला!"

मी चमकून वर पाहिलं. बाबूजी माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. माजी शिकाऱ्याला बंदूक नसली तरी चालते, सांबर नसलं तरी चालतं. साक्षीदार मात्र लागतो. आणि तो घरचाच असावा लागतो, बाहेरचा उलटतपासणीत फुटतो.

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, खरंच?"

पिटेझरीच्या रस्त्यावर, तीन जिप्सी साक्षीला असताना, दोर माझ्याच हातातून निसटला होता. म्हणजे शपथेवर सांगायलाही हरकत नव्हती.

"खरंच," मी म्हटलं.

"निसटला की तुम्ही सोडला?"

भिंतीवरची शिंगं दिव्याच्या उजेडात गुळगुळीत दिसत होती. बाजेवरून बाबूजींचा श्वास ऐकू येत नव्हता.

"तेवढं काही आठवत नाही," मी म्हटलं.

बाजेवर कूस बदलल्याचा करकर आवाज झाला. आणि स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "ते सगळं ठीक आहे. सांबार कुठे आहे?"